मदत हवी आहे: माशांची पिल्लं सोडायला पैसे मिळतात, अभ्यासाला कसे मिळवायचे?

मंडळी, नमस्कार.

एका तलावातले मूळचे मासे पुन्हा वाढावेत म्हणून आमचा छोटा गट प्रस्ताव लिहितोय. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायला देणगीदार एका पायावर तयार आहेत, कारण कार्यक्रम होतो, फोटो निघतात. पण 'आधी नुसता अभ्यास, आणि नंतर काही वर्षं मोजणी' म्हटलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो.

माझा हट्ट अमेरिकेतल्या लेक मिशिगन या भल्यामोठ्या सरोवराच्या अनुभवामुळे आहे. तिथला मूळचा लेक ट्राउट हा मासा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला. एकीकडे बेसुमार मासेमारी, दुसरीकडे बाहेरून शिरलेला, माशांना चिकटून रक्त शोषणारा सी लॅम्प्रे. १९६५ पासून मत्स्यबीज केंद्रातली पिल्लं सोडायला लागले. ती जगली, मोठी झाली, अंडीही घातली, पण कित्येक दशकं पुढची पिढी जवळपास दिसेचना. बऱ्याच उशिरा एक कारण हाती लागलं: आलवाइफ हा परका मासा खाऊन खाऊन माद्यांच्या अंगातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, घटत होतं, आणि अंड्यातून निघालेली पिल्लं मरत होती. नुसती पिल्लं सोडत राहून हे कळलं असतं का?

उलट लॅम्प्रेवरचा उपाय संशोधनातूनच आला. हजारो रसायनं तपासून त्याच्या अळ्या मारणारं टीएफएम सापडलं आणि १९५८ पासून ते ओढ्यांत वापरतात. अर्थात तो खर्च कधीच संपत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे काम कमी झालं, तर लॅम्प्रे पुन्हा वाढले. (हे देणगीदाराला सांगावं की लपवावं, तेही सुचवा!)

आता माझे प्रश्न. सुरुवातीच्या पाहणीला पाण्यातल्या डीएनएची चाचणी पुरेल का? त्यातून कुठली जात आहे ते कळतं, पण माशाचं वय, आकार किंवा वीण होतेय का ते कळत नाही, म्हणून जाळीही लावावी असं मला वाटतं. पिल्लं शेजारच्या तलावातल्या माशांपासून घ्यावीत की केंद्रातून? केंद्रात मोजक्याच जोड्यांपासून बीज काढलं तर जनुकीय विविधता आक्रसते, ही भीती आहे. आणि मुख्य म्हणजे, मोजणीचे पैसे प्रस्तावात कुठल्या नावाने मागायचे?

प्रतिसाद
वेगळ्या नावाने मागूच नका. सोडण्याच्या प्रत्येक हप्त्याला मोजणी बांधून टाका: मागच्या पिल्लांचं काय झालं ते कळल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाचा एक पर कापा. पुढे जाळ्यात न कापलेल्या पराचा मासा आला की तो बहुधा तलावातच जन्मलेला, आणि असा फोटो देणगीदारालाही आवडतो. जाळी लावाच, पण विणीच्या जागा टाळून. पिल्लांसाठी शेजारचा तलाव त्याच नदीखोऱ्यातला असेल तर तो आधी बघा, मात्र रोगतपासणी केल्याशिवाय काहीही आणू नका.

धागाकर्ता
हप्त्याची कल्पना झकास, आभार! पण पर कापलेली पिल्लं पोहण्यात मागे पडत नाहीत का? कुठला पर कापतात, कुणी स्वतः केलंय का हे काम?