लाइव्ह लूपिंग: पेडल की लॅपटॉप?

लॅपटॉप आहेच तर लूप पेडलवर (वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा वाजवणारं, पायाने चालवायचं यंत्र) पैसे कशाला घालायचे, हे तुमचं म्हणणं घरच्या रियाजापुरतं पटतं, पण स्टेजवर हातात गिटार असते आणि लूप बरोब्बर समेवर बंद करायचा असतो, म्हणजे लॅपटॉपलाही मिडी फूटस्विच (लॅपटॉपला पायाने हुकूम देणारं बटण) आणि बरा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी-आणणारी पेटी) घ्यावा लागणारच, मग स्वस्त कुठे पडलं?

लेटन्सीचा, म्हणजे वाजवल्यावर आवाज ऐकू यायला लागणाऱ्या उशिराचा, बाऊ मात्र करू नका. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ६ आणि वर थोडंफार, विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका म्हणजे झालं.

खरा फरक थरांचा. बॉसच्या आरसी-१ सारख्या एका ट्रॅकच्या पेडलवर ठेका आणि त्यावर कॉर्ड्स चढवल्या की नंतर नुसता ठेका बंद करता येत नाही, फार तर शेवटचा ओव्हरडब (वर चढवलेला थर) अन्डू होतो. आरसी-५०५ ला पाच ट्रॅक आहेत पण तो हाताने चालवायचा, बीटबॉक्सवाल्यांना उत्तम. रूपक वगैरे वाजवणार असाल तर साधं पेडल फार सोयीचं, पाय दाबाल तेवढाच लूप, सात मात्रांचा का असेना. लॅपटॉपवर एबलटनमध्ये (संगीताचं सॉफ्टवेअर) मात्र आधी टाइम सिग्नेचर ७/४ करून घ्या. तुम्ही एकटेच गिटार-गाणं करणार ना? मग पेडलच घ्या.