शाळेत कोणाचा आधार होता?

चिंचेचं_झाड
लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर काल मेसेज आला. आठवड्यातून एकदा समुपदेशक येणार, पालकांनी संमतीपत्र भरा. खाली लगेच एक बाबा, 'आमच्या मुलाला तसलं काही नाही.' ते वाचलं आणि आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी आठवल्या. सातवीत असताना बाबा गेले. दिवस झाल्यावर शाळेत गेले, तर सगळे इतकं जपून बोलायचे की नकोसं व्हायचं. मावशी मात्र हाक मारायच्या, 'ये गं, आज टोल तू दे.' घंटा बडवून हात दुखायचा, पण वर्गात जायचं धाडस यायचं.
तुम्हीही लिहा. विद्यार्थी, पालक, शिक्षक, कोणीही.

गप्प_बस
आमच्याकडे घंटा नव्हती, रुळाचा तुकडा टांगलेला. तो एकदा चोरीला गेला 😂

लालमातीचा_मास्तर
झेडपीची द्विशिक्षकी शाळा, इथे समुपदेशक कुठला. गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले की पहिली-दुसरीतली पोरं 'पोटात दुखतंय' म्हणून येतात. आजीकडे राहणारी तर हमखास. आता मी ओवा देत नाही, शेजारी बसवून हजेरी भरायला घेतो. तासाभरात दुखणं थांबतं. आनंददायी शनिवारचा, म्हणजे त्या दिवशी दप्तराविना शाळा, असा जीआर आला तेव्हा नाकं मुरडली होती आम्ही, पण दप्तर नसलं की पोरं बोलतात हे खरं.

पेन्सिलचं_टोक
आमच्या पोटात फक्त गणिताच्या तासाला दुखायचं.

सातपुड्याचा
मी आश्रमशाळेतला. पहिलीला धडगावकडून आणून सोडलं. रडायचो पावरी बोलीत, सर समजूत काढायचे मराठीत. दोघांना एकमेकांचं कळेना. स्वयंपाकाच्या बाई आमच्याच बोलीतल्या. भाकरी थापता थापता विचारायच्या, 'घरी शेळ्या किती?' मी एकेकीचं नाव सांगायचो. रोज तेच. मी टिकलो तो त्या चुलीपाशी. आता स्वतः शिक्षक आहे, नवीन पोरगं आलं की आधी शेळ्याच विचारतो.

चिंचेचं_झाड
@सातपुड्याचा किती छान लिहिलंत. शेळ्यांची नावं सांगा ना.

सातपुड्याचा
सगळ्या नाही आठवत ताई. एक फार मारकी होती, तिचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

डबा_विसरले
आणि शिक्षकांचं काय हो? बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन. मुलांच्या मानसिक आरोग्याचं ऑनलाइन प्रशिक्षण लागलं ते ऐन तासाच्या वेळी. कॅमेरा बंद, आवाज बंद, मी खिचडीचा तांदूळ मोजतेय. आमच्यातल्या एका बाईंना झोपच लागेना, तर स्टाफरूममध्ये 'मनावर घेऊ नका'. बस, एवढंच.

गप्प_बस
'मनावर घेऊ नका' हे आपलं राष्ट्रीय औषध.

कोपऱ्यातली_खुर्ची
मी शाळेत समुपदेशक आहे. खोलीवर पाटी होती, म्हणून कोणी फिरकेना. बाहेर दिसलं की 'वेडा' म्हणून चिडवणार. आता वाचनालयात बसते, पुस्तक बदलायच्या निमित्ताने येतात. पहिला प्रश्न ठरलेला, 'आईला सांगणार का?' तिथे थापा मारायच्या नाहीत. जिवाला धोका असेल किंवा कोणी अंगाशी चाळे केले असतील तर सांगावंच लागतं, पोक्सो कायद्याखाली पोलिसांनाही कळवावं लागतं. हे आधीच सांगितलेलं बरं. बाकीचं माझ्यापाशी राहतं. आणि त्या संमतीपत्रावर चिडू नका, त्याच्याशिवाय आम्हालाही पुढे जाता येत नाही.

दहावीची_आई
मुलगा प्रिलिमनंतर जेवेना, बोलेना. रात्री अडीचला १४४१६ लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. त्याच्यासाठी लावला आणि रडले मी. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, मला पण बोलायचंय. पुढचं नंतर लिहिते, गॅसवर दूध आहे.

पेन्सिलचं_टोक
नंबर सेव्ह केला. ताई, बोर्डाची परीक्षा दिली ना त्याने?

दहावीची_आई
दिली. भूमितीला रडत आला, पण येऊन जेवला.