आण्विक वर्गीकरण की रेणवीय? (आणि बाभळीची 'प्रजाती' बदलली म्हणजे काय?)

पळसफूल (नागपूर)
एका शब्दावर अडले आहे. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम निवृत्त होतायत. बाभूळ, हिवर, खैर ही मंडळी एकमेकांची कोण लागतात, कोण कधी कोणापासून फुटलं, हे पानातल्या डीएनएवरून शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गौरव पुस्तिकेत त्यांच्या कामावर चार पानं मराठीत लिहायचं माझ्याकडे आलंय. मी 'रेणवीय वर्गीकरण' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी सगळीकडे 'आण्विक वर्गीकरण' करून परत पाठवलं. म्हणे हिंदी पुस्तकांत 'आणविक'च असतं, रेणवीय कोणाला कळते? मी आईला वाचून दाखवलं, तर तिने लगेच विचारलं, "मॅडम अणुभट्टीत होत्या का गं?"
रेणवीय शब्द मराठीत रुळलाय ना? की याहून सोपा कुठला आहे?

महालवासी
काकांची चूक आहे, आणि ती आपल्या गावात फार जुनी आहे. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. एक पायरी सरकली की सगळा अर्थ सरकतो. हिंदीतलं 'आणविक' मराठीत 'आण्विक' केलं की ते बॉम्बपाशी जाऊन बसतं.
नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडची, पुढे जुन्या मध्यप्रदेशची राजधानी होतं, कारभार दोन्ही भाषांतून चालायचा. डॉ. रघुवीरांनी परिभाषाकोशाचं काम कित्येक वर्षं इथंच केलं. त्या काळात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दोन्ही परिभाषा शेजारी शेजारी असतात. पण छापताना मराठी वाचकाला मराठीच परिभाषा द्यायची. विश्वकोशात 'रेणवीय' आहे. बिनधास्त लिहा.

नदीकाठ (पुणे)
प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर 'मॉलिक्युलर'च म्हणतो. 'रेणवीय' वर्षातून एकदा, मराठी भाषा दिनाला. मॉलिक्युलर लिहायला काय हरकत आहे?

महालवासी
हरकत एवढीच, की मराठीत शब्द आहे. संस्कृतात रेणू म्हणजे धुळीचा कण, आणि फुलातला परागसुद्धा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तिकेत याहून शोभणारा शब्द कुठला सापडणार?

पळसफूल
धन्यवाद काका, परागाचं माहीत नव्हतं. मॅडमना सांगते, त्यांना आवडेल.
अजून एक. तपासणाऱ्या काकांनी 'जाती' हा शब्दही जिथं तिथं खोडून 'प्रजाती' केलंय. त्यामुळे माझं मुख्य वाक्य असं झालं: "संशोधनानंतर बाभळीची प्रजाती बदलली." आणि त्याआधीच्या वाक्यात: "भारतातील बाभळीच्या सर्व प्रजाती." म्हणजे एका ओळीत प्रजाती वरच्या पायरीवर (जीनस), दुसऱ्या ओळीत खालच्या (स्पीशीज).

कपाशीवाला (काटोल)
बाभळीची प्रजाती काऊन बदलली जी? झाड तर तेच आहे. आमच्या धुऱ्यावर आजाच्या वेळची उभी आहे.

पळसफूल
दादा, झाड तेच, जातही तीच. बदललं ते तिच्या वरचं घर. आधी बाभूळ, हिवर, खैर आणि ऑस्ट्रेलियातली हजाराच्या आसपास झाडं, सगळी 'अकेशिया' या एकाच प्रजातीत धरायचे. डीएनए वाचल्यावर दिसलं की हे एका आईचं कुटुंबच नाही, निदान पाच घरची पोरं एका छपराखाली बसवली होती. मग 'अकेशिया' हे नाव कोणी ठेवायचं यावर जगभर वाद झाला. 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियाच्या गटाला मिळालं, 2011 साली मेलबर्नला त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ आणि हिवर 'वाचेलिया' झाले, खैर 'सेनेगालिया' झाला.
मॅडम हे वर्गात फांद्या समोर ठेवून शिकवायच्या. बाभळीची फांदी हातात देऊन म्हणायच्या, "पानाच्या बुडाशी बघ. दोन काटे, सरळ, जोडीनं. फूल बघ, गोल पिवळा गोंडा." मग खैराची द्यायच्या. "हा आकडा. ओढणीत अडकला की सोडत नाही. आणि फूल लांब तुऱ्यासारखं." मग म्हणायच्या, "जे हाताला टोचत होतं, तेच डीएनएनं नंतर लिहून दिलं."
आता अशा ठिकाणी जाती आणि प्रजाती एकच झाले, तर त्यांचं सगळं कामच वाचकाला उलटं कळेल.

महालवासी
बालभारतीचा क्रम पाठ करा: सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती वर, जाती खाली. वर्तमानपत्रवाले हिंदीतून 'पक्ष्यांच्या तीनशे प्रजाती' उचलतात आणि मग तेच रूढ होतं. हा आळस आहे.

अजनीकर
महालवासी काका, आळस म्हणू नका. एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी 'जात' हा शब्द माझ्या आजीनं कधी सहज उच्चारलेला ऐकला नाही. शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'आंब्याची जात, बैलाची जात, माणसाची...' असं लिहिलं तेव्हा मागच्या बाकावर मी काय ऐकलं ते मला अजून आठवतं. आज मी स्वतः विज्ञान शिकवतो. वर्गात 'जाती' म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघतात, मी 'प्रजाती' म्हटलं की वहीत लिहायला लागतात. तुमच्या मुद्रितवाल्या काकांनीही कदाचित याच कारणानं बदललं असेल. या शहरात तो शब्द खोडावासा वाटणारी हजारो माणसं आहेत आणि त्यांचं कारण खरं आहे.

पळसफूल
अजनीकर सर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विचारते त्यांना.

महालवासी
सर, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. आळस हा शब्द मागे घेतो. पण मग प्रजाती खाली आणली तर वरच्या पायरीला काय म्हणायचं? विश्वकोशात 'वंश'ही वापरलाय. वंश वर, प्रजाती खाली?

अजनीकर
'वंश'सुद्धा काही हलका शब्द नाही, काका.

नदीकाठ (पुणे)
म्हणूनच म्हणतो, जीनस आणि स्पीशीज लिहा. कोणाला टोचत नाही, कोणाचा गोंधळ होत नाही.

कपाशीवाला (काटोल)
आमच्याकडे बाजारात कोणी प्रजाती म्हणत नाही. "यंदा कोणतं वाण लावलं?" एवढंच विचारतात. वाण हा शब्द घ्या ना. कोणाला लागत नाही. म्हण आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे वाण जन्माचा, गुण संगतीचा. उत्क्रांतीवाल्यांना पाहिजे तोच अर्थ आहे त्यात. डीएनए वाण दाखवते, काटा-फूल कधी कधी नुसता गुण असतो.

महालवासी
कपाशीवाले, म्हण अगदी योग्य जागी आणलीत. हा वाण 'वर्ण'पासून आला, वर्ण, वण्ण, वाण. म्हणजे मुळात रंग. संक्रांतीचं वाण वेगळं, ते 'वायन'पासून. पण शेतीत वाण म्हणजे एकाच जातीतला प्रकार. कापसाच्या एकाच जातीची वाणं पन्नास. तो शब्द आधीच कामाला लावलेला आहे, त्याच्याकडून दुसरं काम कसं घेणार?

रानवाट (चंद्रपूर)
मूळ प्रश्नावर नाही, पण कपाशीवाल्यांनी म्हणीतून छान सांगितलं म्हणून. नुसता गुण बघून किती फसगत व्हायची याची माझी आवडती उदाहरणं: कमळ आणि कुमुद. दोन्ही तळ्यात, दोन्हींची पानं गोल, शंभर वर्षं एकाच कुलात. डीएनएनं सांगितलं, कमळाचं नातं काश्मिरातल्या चिनाराशी, कुमुद पार दुसऱ्या टोकाला. उलट काटेसावर आणि कपाशी आता एकाच कुलात, भेंडी, अंबाडी आणि जास्वंदीसोबत. आलापल्लीचा साग तुळशीच्या कुलात गेला. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईनं वृंदावनाकडे बघून विचारलं, "एवढीशी ही, अन् तो एवढा?" मंजिरी आणि सागाच्या फुलाचा तुरा शेजारी धरून दाखवावा लागला.

कपाशीवाला (काटोल)
सावर अन् कपाशी एकाच घरची, हे आमच्या आजीला माहीत होतं. सावरीच्या कापसाची उशी करायची ती. बोंड फुटलं की दोन्ही सारखीच.

महालवासी
'उत्क्रांती' शब्दावरही बोलायला हवं. विश्वकोशकारांनी 'क्रमविकास' लिहिलं आणि कंसात उत्क्रांती. मला दोन्ही पटत नाहीत. उत् म्हणजे वर. संस्कृतात उत्क्रमण म्हणजे देह सोडून जाणं, गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तं' याच अर्थानं आहे. झाडं काही वर चढत नसतात, फुटत जातात. 'विकास'मध्येही चांगलं होत जाण्याचा भास आहे.

रानवाट (चंद्रपूर)
काका, वर चढण्याचा भास खरंच नडतो. आमच्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात. त्यांत गवताच्या पानातले सिलिकाचे बारीक कण मिळाले, 2005 साली ते जगभर गाजलं. त्याआधी समज असा होता की डायनासोर होते तेव्हा गवत फुटलंच नव्हतं, ते 'पुढची पायरी'. निघालं काय, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गवतात चांगलेच वेगवेगळे गट होते, भाताच्या नात्यातलेही. पायरी म्हटलं की माणूस चुकतो. मी पोरांना 'फांदी' म्हणतो. एका पूर्वजापासून फुटलेल्या सगळ्या गटाला शास्त्रात 'क्लेड' म्हणतात, त्याचा ग्रीक अर्थही फांदीच आहे.

नदीकाठ (पुणे)
क्लेडला फांदी! हे मात्र मी उद्यापासून वापरणार. 'बाभूळ आणि हिवर एका फांदीवर, खैर दुसऱ्या.' समजावून सांगावंच लागत नाही.

महालवासी
बोलायला ठीक. शास्त्रीय लेखनात 'फांदी' चालणार नाही. 'शाखा' लिहा.

रानवाट (चंद्रपूर)
शाखा का चालते आणि फांदी का चालत नाही? दोन्ही झाडालाच असतात.

अजनीकर
याच प्रश्नावर माझी आणि महालवासी काकांची पाच वर्षं चर्चा चालू आहे.

पळसफूल
मुद्रितवाल्या काकांना विचारलं. अजनीकर सर म्हणाले तेच कारण निघालं. ते म्हणाले, "माझ्या हातानं तो शब्द छापून जाऊ नये, एवढंच." मी काही बोलले नाही.
काल संध्याकाळी मॅडमकडे गेले होते. सगळी चर्चा वाचून दाखवली. टेबलावर सिलिका जेलच्या पुड्यांत वाळवलेली पानं होती, त्यावर पेन्सिलीनं गावं लिहिलेली: उमरेड, रामटेक, हिवरा. त्यांनी माझ्या कागदावर 'आण्विक' खोडलं, 'रेणवीय'सुद्धा खोडलं आणि वर लिहिलं, 'पानातल्या डीएनएवरून लावलेलं नातं'. जाती-प्रजातीच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नाही. फक्त "बाभळीची प्रजाती बदलली"च्या जागी "बाभूळ तीच, शास्त्रातलं तिचं आडनाव बदललं" असं केलं.
बाकी सतरा ठिकाणी 'प्रजाती' अजून तसंच आहे. गुरुवारी छापायला द्यायचंय. काय करू?

महालवासी
आडनाव? शास्त्रीय नावात ते आधी येतं, मागून नाही. 'पहिलं नाव' म्हणा.

कपाशीवाला (काटोल)
ताई, मॅडमना विचारा, त्या पुडीवरचा हिवरा कोणता? आमच्या तालुक्याजवळ या नावाची दोन-तीन गावं आहेत, अन् एकाही गावात आता हिवराचं झाड नाही.