मदत हवी आहे: बेने इस्रायली दिवेकरांचं मूळ गाव कोणतं? आणि डीएनए अहवाल कसा वाचायचा?

धागाकर्ती: ठाणेकर_लेक

नमस्कार मंडळी,

माझ्या आईचं माहेरचं आडनाव दिवेकर. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आईने माहेरचं आडनाव सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "म्हणजे तुम्ही कोकणस्थ का?" चित्पावनांतही दिवेकर आहेत, त्यामुळे हा प्रश्न साहजिकच आहे. मला आईच्या घराण्याचं मूळ गाव शोधायचंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

आमच्यातली बरीच आडनावं गावावरून आली आहेत. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, रोह्यासमोरच्या आष्टमीचे आष्टमकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत आणि ती एका नकाशावर मांडली तर अलिबाग, पेण, रोहा, मुरूड हा सगळा पट्टा भरून जातो. या बाकीच्यांची गावं लगेच सापडतात. दिवेकरांचं मात्र कोडं आहे. घरात सगळे नुसतं "आपण दिव्याचे" म्हणतात. हे दिवे म्हणजे श्रीवर्धनकडचं दिवेआगर, अलिबाग तालुक्यातलं दिवी पारंगी, की आणखी कुठलं? आजोबांचा जन्म मुंबईत मांडवीचा, पणजोबा लष्करात होते आणि त्यांच्या वडिलांचं नाव हसाजी. त्यामागे सगळा अंधार आहे.

आमचे दिवेकर म्हटलं की एक नाव निघतंच: सॅम्युअल इझिकेल दिवेकर, समाजातल्या बोलीत सामाजी हसाजी. ते कंपनी सरकारच्या फौजेत कमांडंट होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. तीच ती 'जुनी मशीद'. मशीद बंदर स्टेशनचं नाव याच प्रार्थनास्थळावरून पडल्याचं सांगतात आणि सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्या नावाचा आहे. पुढच्याच वर्षी ते सेफर तोरा (तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) आणायला कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आमचे सगळे नातेवाईक म्हणतात, "आपण त्यांचेच." मला या माणसाबद्दल फार अभिमान आहे, पण त्यांच्यापासून आमच्यापर्यंत येणारी एकही पिढी कागदावर नाही. आमच्या पणजोबांचे वडीलही हसाजी होते म्हणून नातं जोडणं मला पटत नाही. हसाजी म्हणजे इझिकेल, आणि तेव्हा घरोघरी हसाजी होते.

आता डीएनएबद्दल. माझ्या मामेभावाने कॅनडात असताना वंशशोधाची चाचणी करून घेतली. अहवालात मोठा हिस्सा दक्षिण आशियाचा आहे आणि उरलेला पश्चिम आशियाकडचा. शिवाय जुळणाऱ्या नातेवाइकांची भलीमोठी यादी आली. त्यातले कितीतरी 'तिसऱ्या पिढीचे चुलत' म्हणून दाखवलेत, पण ते कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

आईची आत्या इस्रायलमध्ये बीरशेबाला असते. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप दुखावली. 1961-62च्या सुमारास तिकडच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईची, आजीची आणि त्यामागचीही वंशावळ तपासायचा आदेश काढला होता. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा कुठे 1964 साली प्रकरण मिटलं. आत्याआजी म्हणाली, "तेव्हा त्यांनी आमचं रक्त तपासलं, आता तू तपासतेस." मी तिला सांगितलं की मला काहीच सिद्ध करायचं नाही, आपण कुठल्या गावचे एवढंच हवंय. तिचं समाधान झालेलं नाही. म्हणूनच पुढचं पाऊल जपून टाकायचं आहे.

तर दिवे कोणतं, चित्पावन दिवेकरांशी रक्ताचा काही संबंध असेल का, आणि त्या अहवालातून खरंच काय काढता येतं, यावर कृपया जाणकारांनी लिहावं. आगाऊ आभार.

श्रीवर्धनी

ताई, मी दिवेआगरच्या शेजारचा, बोर्लीपंचतनचा. आमच्याकडे दिवेकर म्हटलं की दिवेआगरच डोळ्यांसमोर येतं आणि चित्पावन दिवेकर स्वतःला तिथलेच म्हणवतात. पण तुमच्या घराण्यासाठी लगेच तेच धरून चालू नका. 'कर' लावून आडनाव पडतं ते बहुधा गाव सोडल्यावर. दिव्यात राहणाऱ्याला दिव्यातले लोक दिवेकर कशाला म्हणतील? म्हणजे तुमचा पूर्वज दिव्यातून उठून दुसऱ्या एखाद्या गावी गेला आणि तिथल्यांनी त्याला हे नाव दिलं. आता ते दुसरं गाव कुठे होतं, हे आधी शोधा. ते अलिबाग-पेणच्या बाजूला निघालं तर जवळच्या दिवीचा विचार करावा लागेल. मुरूड-म्हसळ्याकडे निघालं तर दिवेआगर.

आणखी एक महत्त्वाचं. दिवेआगर हे जंजिरा संस्थानात होतं, थेट 1948पर्यंत. अलिबाग आंग्र्यांकडे होतं आणि 1840 साली इंग्रजांनी खालसा केलं. दोन्हीकडची जुनी दफ्तरं वेगळी. नुसतं 'कुलाबा जिल्हा' म्हणून शोधत बसलात तर जंजिऱ्याचं काही हाती लागणार नाही.

पेशी_आणि_पिढ्या

जनुकशास्त्र माझ्या कामाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बेने इस्रायल समाजावर चांगला अभ्यास झालेला आहे. 2016 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात वॉल्डमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांना या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे दिसले. ही सरमिसळ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची, म्हणजे अंदाजे 650 ते 1050 वर्षांपूर्वीची असावी असं त्यांचं गणित आहे. ज्यू वारशात पुरुषांचा वाटा जास्त आणि भारतीय वारशात स्त्रियांचा, हेही त्यात आहे. तुमच्या मामेभावाचा अहवाल या चित्राशी जुळतो.

यावरून पूर्वज नेमके कधी आले ते ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. सरमिसळ झाल्याचा काळ आणि किनाऱ्याला लागल्याचा काळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या ही तुमची परंपरा या आकड्यांनी खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

ती लांबलचक यादी: ज्या समाजात शतकानुशतके आपसांतच लग्नं होतात, तिथे कोणतीही दोन माणसं अनेक बाजूंनी नातेवाईक असतात. डीएनएचे लहान लहान सामायिक तुकडे चारी बाजूंनी येतात, त्यांची बेरीज मोठी होते आणि संगणक म्हणतो 'तिसऱ्या पिढीचे चुलत'. प्रत्यक्षात नातं कितीतरी मागचं असू शकतं. म्हणून बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती मोठा आहे ते पाहा. तो मोठा असेल तर त्या माणसाला पत्र लिहा. बाकीची नावं सध्या बाजूला ठेवा.

आडनावासाठी या चाचणीचा उपयोग नाही. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच जातं, म्हणून वाय गुणसूत्राची चाचणी हवी. तुम्ही ती देऊ शकत नाही, तुमच्या आईलाही ती लागू नाही. मामा किंवा हा मामेभाऊच हवा. दिवेकर आडनावाच्या दुसऱ्या बेने इस्रायली घराण्यातला एक पुरुष तयार झाला तर दोघांचं पितृकुळ एक आहे का ते कळेल. गावाचं नाव मात्र कुठल्याच चाचणीतून निघत नाही.

मामा इस्रायलमध्ये असतील तर तिथे अशा घरगुती चाचण्यांवर कायद्याचे निर्बंध आहेत, तेही लक्षात असू द्या. आणि तुमच्या आत्याआजींचं म्हणणं मला फार योग्य वाटतं. त्यांच्या भावाच्या घराण्याची ही चाचणी आहे, तेव्हा त्यांना विचारूनच करा.

कोकणवारा

चित्पावनही समुद्रातून आले, चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली अशी कथा आहे. इथे सात जोडपी म्हणजे चौदाच. आडनावंही सारखी. मला तर दोन्ही एकच वाटतात!

पेशी_आणि_पिढ्या

@कोकणवारा, कथा सारखी असणं हा रक्ताचा पुरावा होत नाही. गावावरून पडलेलं आडनाव तर त्याहून नाही. पेणकर किती जातींत आहेत, नागावकर किती जातींत आहेत ते बघा. एका गावातून चार घरं उठली की चारही घरांना तेच आडनाव. दोन दिवेकर एकमेकांचे शेजारी असू शकतात. त्याहून जवळचं नातं मानायला वाय गुणसूत्र जुळायला हवं.

मोडीवाचक

कागद कुठे शोधायचे ते सांगतो. पणजोबा लष्करात होते ना? मग तिथूनच सुरुवात करा. मुंबई इलाख्याच्या पलटणींत तुमचे लोक मोठ्या संख्येने होते, सुभेदार मेजरपर्यंत पोचलेले. सेवेच्या आणि पेन्शनच्या कागदांत गाव लिहिलेलं सापडतं. त्या काळचा बराच लष्करी दस्तऐवज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

दुसरं, केतुबा. लग्नाच्या करारात वर-वधू आणि दोघांच्या वडिलांची नावं असतात. आजोबा-पणजोबांचे केतुबा कुणाच्या तरी पेटीत असतील, आत्याआजींकडे सुद्धा. ज्या सिनेगॉगमध्ये लग्न लागलं तिथली वही बघायला मिळाली तर फारच उत्तम. अलिबागच्या इस्रायल आळीतलं, रेवदंड्याचं, पनवेलचं अशी जुनी सिनेगॉग अजून उभी आहेत. मुकादमांना (सिनेगॉगच्या प्रमुखांना) आधी फोन करून जा. जुन्या नोंदी मोडीत असल्या तर फोटो काढून इथे टाका, मी वाचून देतो.

तिसरं, शाळा. माझगावची सर एली कदूरी शाळा ही मुळात 1875 साली बेने इस्रायल मुलांसाठी निघालेली. आजोबा मांडवीचे, तेव्हा ते तिथेच शिकले असण्याचा संभव आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना असतो.

नावांबाबत एक सावधगिरी. इसाजी, मुसाजी, सामाजी, हसाजी अशी नावं सरकारी वहीत आली की लिहिणाऱ्याला ती कोणाची हे कळत नसे. जात-धंद्याच्या रकान्यात 'तेली' किंवा 'शनवार तेली' असं असेल तर तिथे थांबा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तुमच्या लोकांना ते नाव होतं. आडनाव नसलेलं पण 'हसाजी शनवार तेली' असं लिहिलेलं एखादं नाव तुमच्याच घरातलं असू शकतं.

ठाणेकर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. @श्रीवर्धनी, दिवं सोडल्यावर कुठे गेले हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. काल आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली की आजोबांच्या घरी नवसाचा मलिदा (आमच्यातला नवस फेडायचा विधी) असला की खंडाळ्याला जायचे, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या जागी. तिथे जवळच कुणाचं तरी घर होतं, तिथे उतरायचे. खंडाळा म्हणजे अलिबागजवळचं. म्हणजे मधला मुक्काम अलिबागच्या बाजूचा असावा आणि दिवी पारंगीचं पारडं थोडं जड होतंय. नवसाला तर सगळीकडचे लोक तिथे येतात, त्यामुळे एवढ्यावर मी काही ठरवत नाही.

@पेशी_आणि_पिढ्या, वाय गुणसूत्राची चाचणी आत्याआजीने होकार दिल्याशिवाय करणार नाही. तोवर सर्वांत लांब तुकड्याप्रमाणे यादी लावायला मामेभावाला सांगितलंय. @मोडीवाचक, केतुबाबद्दल आत्याआजीला विचारलं आणि गंमत म्हणजे ती खुलली. तिच्या वडिलांचा केतुबा तिच्याकडे आहे. नातवाकडून फोटो पाठवते म्हणाली.

आता दोन गोष्टी राहिल्या. दिवी पारंगी किंवा पोयनाडच्या परिसरातलं कोणी इथे असेल तर गावात ज्यूंची घरं किंवा तेलाचा घाणा होता असं जुन्या माणसांकडून ऐकलंय का, ते कृपया कळवा. तसंच श्रीवर्धन-म्हसळ्याकडे हिब्रू अक्षरं असलेली जुनी थडगी कोणी पाहिली असतील तर जागा सांगा, मी स्वतः येऊन बघेन.