फिनिक्सला हॅमलिन हरला की त्याची टीम?

चौथं वळण: नॅसकारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची मालिका) २०२५ च्या हंगामाची शेवटची, २ नोव्हेंबरची फिनिक्सची शर्यत परत पाहिली, परत तितकाच जीव तुटला. डेनी हॅमलिन पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटला, २०८ लॅप (फेऱ्या) आघाडीवर राहिला. शेवटचे तीन लॅप उरले असताना विल्यम बायरनचं टायर फुटलं. पिवळा झेंडा, म्हणजे शर्यत थोपवलेली, सगळे पिटमध्ये (टायर बदलायच्या जागेत). हॅमलिनला चार टायर घातले, काइल लार्सनला दोनच, म्हणजे कमी वेळात. पहिला आत शिरलेला हॅमलिन दहावा होऊन बाहेर आला, लार्सन पाचवा. मग निकालासाठी दोन लॅपचा ओव्हरटाइम. लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा, आणि किताबाच्या चौघा दावेदारांत पुढे म्हणून वर्षाचा किताब लार्सनला, एकही लॅप आघाडी न घेता! ड्रायव्हरने अजून काय करायचं होतं? हा किताब टीमच्या निर्णयाने घालवला.

शार्लटकर: अजिबात पटलं नाही. निकाल माहीत असताना दोन टायर सोपे वाटतात. त्या दिवशी टायर दगा देत होते, लार्सनचंही मध्येच बसलं होतं आणि तो एक लॅप मागे पडला होता. शिवाय जो पुढे असतो त्याला आधी ठरवावं लागतं. त्याने दोन घातले की मागचे चार घालणार. मी इथे शार्लटमध्ये पिट क्रूचा (टायर बदलणाऱ्या चमूचा) सराव जवळून पाहिलाय. पाच जण भिंतीवरून उड्या मारतात, चाकाला एकच नट, गनचा आवाज थांबेपर्यंत गाडी जॅकवरून खाली. चार टायरना दहा सेकंदही लागत नाहीत. तेवढ्या वेळात काम चोख करणाऱ्या माणसांना दोषी धरू नका.

अनघा_पुणे: माझा राग दोघांवरही नाही, २०२५ पर्यंतच्या नियमावर आहे. वर्षभराची मेहनत शेवटच्या एका शर्यतीवर का टांगत होते? २०२४ ला जोई लोगानो वर्षभर सरासरी सतराव्या क्रमांकाच्या आसपास येऊन चॅम्पियन झालाच ना?

चौथं वळण: अनघाताई, नियम सगळ्यांना सारखाच होता, त्यामुळे लोगानोचं मला काही खुपत नाही. शार्लटकर, क्रूच्या हातांना मी नावं ठेवत नाहीये, मी हुकूम देणाऱ्याबद्दल बोलतोय. फिनिक्सचा ट्रॅक एक मैलाचा. दोन लॅप म्हणजे मिनिटभराचीही शर्यत नाही. तिथे पुढची जागा सोडून नवे टायर घ्यायचे? जुन्या काळचा ड्रायव्हर ज्युनिअर जॉन्सन ५० शर्यती जिंकून किताबाविना राहिला, हॅमलिनच्या तोवर ६० झाल्या होत्या. असा माणूस दारात आणून परत पाठवला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शार्लटकर: वाईट मलाही वाटलं. पण आकडे बघा. दोन टायरवाला लार्सन दोन जागा वर आला, चारवाला हॅमलिन चार. टायर चालले होते. अजून तीन-चार लॅप मिळाले असते तर?

चौथं वळण: मिळणार नव्हते. दोनच आहेत हे पिटमध्ये असतानाच माहीत होतं.