छापून आलं, मग?

जुळे सोलापूर (निमंत्रण)

बातमी आधी देऊन टाकते, म्हणजे अभिनंदनाचं उरकेल. माझा पहिला कवितासंग्रह निघाला. डेमी आकार, पाच फॉर्म म्हणजे ८० पानं, प्रती ३००. प्रकाशन फडकुले सभागृहात झालं. हार, शाल, श्रीफळ, पुण्याच्या पाहुण्यांना शेंगाचटणीची पुडी, सगळं यथासांग. वक्ते भरपूर बोलले. एकानंही एक कविता सलग वाचली नाही. प्रस्तावनेतले उतारे मात्र सगळ्यांनी वाचले.

आता मुद्दा. आपल्या सोलापुरात कविता आधी कानावर पडते, कागदावर नंतर येते. शाहीर राम जोशी इथलेच. कवी संजीव, दत्ता हलसगीकर यांना समोर बसून ऐकलेली माणसं अजून आपल्या कवितावाचनाच्या बैठकीला येतात. बैठकीत निकाल जागेवर लागतो: दाद येते, नाहीतर कुणीतरी घड्याळ बघतं. छापलेल्या कवितेचा निकाल कुठं लागतो? आपण एकमेकांना ‘संग्रह आला’ एवढंच सांगतो आणि पुढचं गिळून टाकतो. ते पुढचं इथं लिहा, वर नावाऐवजी आपापला भाग घालून. पैसे, प्रुफं, टपाल, घरचे, शेजारी, काहीही चालेल. एक पुस्तक असो नाहीतर पेपरातली एकच कविता असो. फक्त ज्या प्रकाशकावर किंवा संपादकावर राग आहे त्याचं नाव नको. गाव लहान आहे, संध्याकाळी पार्क चौकात तोच समोर येतो.

बाळीवेस, निवृत्त कंपोझिटर

मॅडम, अभिनंदन. मी आधी दुसऱ्यांच्या कविता छापल्या, मग स्वतःची. छापखान्यात खिळे, म्हणजे सुटी धातूची अक्षरं, जुळवायचो. गद्य जुळवणं सोपं, ओळ भरली की पुढं चला. कवितेला स्टिकमध्ये, म्हणजे खिळे लावायच्या पट्टीत, उजवीकडं मोकळी जागा सोडायला लागायची आणि ओळ मापाबाहेर गेली की मोडायला लागायची. मोडली की कवी संध्याकाळी हजर! एका मास्तरांनी तर माझ्या शेजारी स्टूल टाकून पूर्ण संग्रह जुळवून घेतला. शेवटी खिळ्यांच्या पेटीत वेलांट्या कुठल्या घरात आहेत ते त्यांना माझ्याइतकंच पाठ झालं होतं.

माझी स्वतःची पहिली कविता अशी आली. एका दिवाळी अंकात लेख संपला आणि पानाच्या तळाशी आठ ओळींची जागा उरली. चित्राचा ब्लॉक टाकायला नव्हता. संपादक घाईत होते, म्हणाले, “टाक की काहीतरी.” मी माझ्या आठ ओळी टाकल्या. नाव घातलं नाही, कारण नावाला नववी ओळ लागली असती. दिवाळीनंतर बार्शीहून एका वाचकाचं पत्र आलं, कविता आवडली, कवी कोण? संपादकांनी पुढच्या अंकात ‘कवी अज्ञात’ असं उत्तर छापलं. ते उत्तरही मीच जुळवलं.

सात रस्ता

माझ्या संग्रहात प्रेमकविता बऱ्याच आहेत. प्रत हातात घेऊन मिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यात मी कुठल्या पानावर आहे?” मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढचा कुणी लिहा पटकन.

कुंभारी, गोदूताई परुळेकर घरकुल

ताई, माझं पुस्तक नाही. पेपरच्या रविवार पुरवणीत एक कविता आली, तेवढंच. पण आमच्या गल्लीत तेवढ्यावरच मोठी चर्चा झाली, म्हणून लिहिते.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. मी शाळा-कॉलेज मराठीत शिकले, कविता मराठीतच सुचते. अम्मा विड्या वळते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्या रविवारी ओट्यावर चौघी-पाचजणी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पेपर उघडून कविता वाचून दाखवली. कविता विड्यांवरच होती. कुणाचा हात थांबला नाही. वाचून झाल्यावर शेजारच्या अक्कांनी विचारलं, “पैसे किती दिले?” मी म्हटलं, काही नाही. मग त्या आपसात तेलुगूत हिशेब करायला लागल्या. हजार विड्यांना मजुरी ठरलेली असते. कारखान्यात माल दिला की तिथं बघतात, वाकडीतिकडी, सैल विडी बाजूला काढतात. त्याला छाट म्हणतात. छाटेचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू मात्र आपल्या हिशेबातून जातो.

मी सहज बोलून गेले, की मूळ कवितेतल्या शेवटच्या चार ओळी पेपरवाल्यांनी काढून टाकल्यात, जागा नव्हती म्हणून. अम्मा मान वर न करता म्हणाली, “म्हणजे तुझ्यातसुद्धा छाट काढलीच की.”

त्या चार ओळी तंबाखूच्या खोकल्याच्या होत्या. खरी कविता तीच होती, असं मला वाटतं. ओट्यावर मी त्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. तेव्हा मात्र अक्का म्हणाल्या, हे छापायला पाहिजे होतं.

जुळे सोलापूर

त्या चार ओळी येत्या बैठकीत हव्यात. आणि अम्मांना घेऊन ये. परीक्षक म्हणून बसवू.

विजापूर नाका, मोबाइल दुरुस्ती

मी सांगतो बे खरं. प्रातिनिधिक संग्रह म्हणून एक प्रकार असतो. तुमची एक कविता, तुमचा फोटो, दीड हजार रुपये भरा. दोन प्रती, एक सन्मानचिन्ह आणि ‘काव्यरत्न’ लिहिलेलं प्रमाणपत्र घरपोच. मी भरले. पुस्तक आलं तर माझी कविता लातूरच्या एका काकांच्या नावावर आणि त्यांची आईवरची कविता माझ्या फोटोखाली. फोन केला तर म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. दुसरी आवृत्ती! मी हसायलोय, ते गंभीर.

पण ऐका पुढचं. प्रमाणपत्र दुकानात लावलं, डिस्प्लेच्या काचेमागं. एक गिऱ्हाईक ग्लास बसवून घेता घेता वाचायलं. म्हणालं, तुम्ही कवी आहात का, आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा वाढदिवस आहे, बॅनरवर चार ओळी द्या की. दिल्या. पाचशे रुपये रोख मिळाले. आपल्या गावात डिजिटल बॅनरला तोटा नाही, हे तुम्हाला माहितीच आहे. आता लग्नपत्रिकेच्या चारोळ्या, दुकानाचं उद्घाटन, गणपती, सगळं करायलोय. अठरा फूट बाय बारा फुटावर माझ्या ओळी टांगलेल्या असतात, खाली नाव दुसऱ्याचं. बैठकीतले काही जण याला कविता मानत नाहीत. नका मानू. मात्र एवढे वाचक तुमच्यातल्या एकाला तरी आहेत का?

त्या लातूरच्या काकांचा नंबर मी शोधून काढला. आम्ही आता चांगले दोस्त आहोत. त्यांची आईवरची कविता खरंच चांगली आहे, माझ्यापेक्षा.

अक्कलकोट तालुका, शिक्षक

नमस्कार. थोडं उपयोगाचं लिहितो, कारण नवीन मुलं पैसे भरून फसतात.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित पाठवायचं, ते तपासलं जातं, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, धीर ठेवा. पण ती पहिल्या पुस्तकासाठी आहे. हौसेनं आधीच एखादी पुस्तिका काढून बसलात तर पहिलेपण तिथंच खर्च होतं. माझ्या ओळखीतल्या दोघांचं असंच झालं.

दुसरं. १९५४चा एक कायदा आहे, त्याप्रमाणं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रकाशकाला हे आवर्जून विचारा. पुष्कळ जण पाठवत नाहीत. माझ्या प्रकाशकानं पाठवल्या, पोच दाखवली. आमच्या शाळेत निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. त्यांना मी भारताच्या नकाशावर ही चार गावं दाखवली आणि सांगितलं, सरांचं पुस्तक इथं इथं आहे. एका पोरानं विचारलं, “मग सर, आपल्या शाळेत का नाही?” दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवलं. आता ते पुस्तक वर्गातल्या कपाटाचा हलणारा पाय टेकवायला वापरतात असा मला संशय आहे, पण मी वाकून बघत नाही.

सिद्धेश्वर पेठ

सरांनी उपयोगाचं लिहिलं म्हणून मीही एक लिहिते. संक्रांतीच्या आठवड्यात प्रकाशन ठेवू नका! १२ जानेवारीला इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन, मग लगेच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे मानाचे दिवस, अक्षता, होम. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, निघाले की अर्धं गाव रस्त्यावर असतं, रिक्षा मिळत नाही. त्यात १४पासून मराठी भाषेचा पंधरवडा सुरू होतो, म्हणून सगळ्या संस्थांना तेव्हाच कार्यक्रम हवे असतात. आमच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे गर्दीत अडकले आणि आम्ही त्यांच्याविना उरकून घेतलं. खरं तर तोच आमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम झाला, भाषणं कमी आणि कविता जास्त.

रेल्वे लाइन्स

२००६ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली. म्हणजे १९४१ला खांडेकर अध्यक्ष असताना भरलं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांनी. माझा संग्रह तेव्हा ताजा होता आणि एका गाळ्यावर ठेवलेला होता. मी गाळ्यासमोर गिऱ्हाईक होऊन उभा राहिलो. कुणी जवळ आलं की माझंच पुस्तक उचलायचो, दोन पानं चाळायचो, मान डोलवायचो. दुपारी एका गृहस्थांनी विचारलं, “चांगलं आहे का हो? कवी ओळखीचा दिसतोय तुमच्या.” म्हटलं, थोडाफार. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मागचा फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि शेजारचं लोणच्यांचं घेतलं.

फोटो लावू नका रे मागं.

शास्त्रीनगर

आदाब. मी मराठीत गझल लिहितो. अब्बा उर्दूत लिहायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मुशायरे ऐकलेत, त्यामुळे शेर कसा उचलला जातो ते आधी कळलं आणि अक्षर नंतर. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणारे शब्द, जवळ आली की मंडळी शायराच्या आधीच ती म्हणून टाकतात. पुस्तकात ती गंमत कुठून आणणार? वाचक एकटा असतो, मिसरा, म्हणजे शेरातली ओळ, पुन्हा म्हणायला सांगणारं कुणी नसतं.

पण माझं दुखणं वेगळं आहे. गझल मात्रांवर चालते. एका ठिकाणी ‘कवि’ असं मुद्दाम ऱ्हस्व लिहिलं होतं, लघू, म्हणजे एका मात्रेचं अक्षर, हवं होतं म्हणून. मुद्रितशोधकांनी नियमाप्रमाणं शेवटचा इकार दीर्घ केला, ‘कवी’. नियम बरोबर, पण मिसरा लंगडा. असं संपूर्ण संग्रहात जिथं तिथं झालंय. ‘आणि’ तेवढं वाचलं, कारण ते नियमातच ऱ्हस्व आहे. खरं तर शुद्धलेखनाच्या नियमांतच पद्याला ही मुभा दिलेली आहे, वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ सोडता येतं. पण ते कलम कोण वाचतो? छापून आल्यावर एका जाणकारांनी सभेत सांगितलं, लय सांभाळा. मी उठून काय सांगणार, की माझी लय प्रुफात गेली?

आता मैफलीत मी पुस्तक समोर धरतो आणि वहीतलं वाचतो.

दमाणी नगर

टपालाचं कुणीच लिहिलं नाही! अभिप्रायासाठी प्रती पाठवायच्या म्हणजे पूर्वी रजिस्टर्ड बुक पॅकेट होतं, स्वस्तात जायचं आणि पोचायचंही. ते डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. माझा संग्रह नेमका त्यानंतर आला. कुरिअरचा खर्च बघून मी यादी निम्मी केली. ज्यांना पाठवलं त्यांच्यापैकी बहुतेकांचं एकच उत्तर: ‘पुस्तक मिळाले, सवडीने वाचून कळवतो.’ सवड कुणालाच मिळालेली नाही. यादीतून ज्यांना काटलं, त्यांच्यातला एक जण मात्र हिराचंद नेमचंद वाचनालयात गेला, तिथं मी भेट दिलेली प्रत घरी नेली, वाचली आणि फोनवर अर्धा तास भांडला. त्याला मधला विभाग अजिबात पटला नव्हता. इतकं नीट कुणी वाचलं नाही. त्याला आता खास प्रत देणार आहे, हातोहात.

कुंभारी

अक्कलकोटच्या सरांना विचारायचं होतं. पेपरात एक कविता आली, म्हणजे माझं पहिलेपण गेलं का?

अक्कलकोट तालुका

नाही गं. पुस्तक म्हणजे पुस्तक. वर्तमानपत्रात, मासिकात येऊ दे हव्या तेवढ्या. तरी अर्ज करताना त्या वर्षीच्या अटी स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. आणि पूर्ण कविता घाल, चार ओळींसकट.

विजापूर नाका

बॅनर पाहिजे का सांग अक्का, अर्ध्या किमतीत करून देतो.

बाळीवेस

शास्त्रीनगरच्या भाईंना निरोप. तुमचा संग्रह आणि मूळ वही, दोन्ही घेऊन या. कुठं कुठं दीर्घ झालंय त्याची यादी करू, शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवू. पूर्वी प्रत्येक पुस्तकात असायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रुफं मी फुकट बघतो. आणि जुळे सोलापूरच्या मॅडम, तुमच्या पान ४७वर रफार एक घर पुढं सरकलाय. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेलं की होतं असं. बाकीच्या प्रती वाटायच्या आधी तेही बघून घेऊ.

जुळे सोलापूर

काका, पान ४७ची कविता प्रकाशनाच्या दिवशी मी स्वतः वाचली होती, कुणालाच कळलं नाही. रविवारी वही, संग्रह आणि डिंक घेऊन सगळेच या.