डबलनेकला नावं ठेवणाऱ्यांनी आधी चालू गाण्यात गिटार बदलून दाखवावी

सहा_अधिक_चार

परवा आपल्याच कोल्हापुरातल्या वादकांच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ गिटारवाल्यांनी पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डबलनेक, म्हणजे गिटार आणि बेस (चार जाड तारांची खर्जाची गिटार) एकाच बॉडीला दोन माना लावून बसवून घेणाऱ्याला दोन्हींतलं एकही धड येत नाही, हे सगळं फोटोपुरतं असतं, आणि असली ऑर्डर देणं म्हणजे पैशाचा माज. रोख कुणावर होता ते उघड आहे, कारण गावात अशी ऑर्डर देऊन बसलेला मीच. तिथं दोन ओळींत भांडायचं नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आमचा बँड तिघांचा. ड्रम, कीबोर्ड आणि मी, गाणंही तिघांतच. काही गाण्यांना बेस लागतो, काहींना गिटार, आणि काही अशी आहेत की मुखड्याला गिटार हवी नि अंतऱ्याला खाली बेस नसेल तर गाणं पोकळ होतं. मध्ये चार बार, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं, मिळतात. तेवढ्यात पट्टा काढायचा, गिटार स्टँडला लावायची, बेस गळ्यात घालायचा, व्हॉल्यूम चढवायचा, आणि हे सगळं करताना माइकवर गातही राहायचं. स्टेजवर हे ज्याला जमतं त्यानं मला शिकवावं.

आणि हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. गिब्सन कंपनीनं साठच्या दशकात ईबीएसएफ-१२५० काढली, बेस आणि गिटार एकत्र, वर बेससाठी आतच बसवलेला फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट. रिकनबॅकर कंपनीची ४०८० ही तसलीच डबलनेक आहे. जेनेसिस बँडच्या माइक रदरफर्डनं बारा तारी गिटार आणि बेस जोडून घेतले. रश तर आमच्यासारखाच तिघांचा बँड. १९७७ च्या ‘झॅनाडू’साठी गेडी लीच्या गळ्यात बेस आणि बारा तारी, अलेक्स लाइफसनच्या गळ्यात बारा आणि सहा. ही सगळी माणसं फोटोसाठी उभी होती का?

माझी घडतेय ती अशी: तुनाच्या लाकडाची बॉडी, बेसची स्केल (तारेची वाजती लांबी) ३० इंच, गिटारची २४.७५, आवाज बाहेर न्यायला दोन स्वतंत्र जॅक, मध्ये तीन जागांचा स्विच. बोला आता.

खर्जातली_ताई

बोलते. पोस्टची भाषा मलाही पटली नाही. पण तुमचं उत्तर वाचून जास्त राग आला, कारण त्यात बेस वाजवणारा माणूस कुठंच नाही. बेस म्हणजे गिटारला हवा तेव्हा जोडायचा खालचा मजला वाटतो का तुम्हाला? मी ३४ इंचांवर वाजवते. खालची ई तार ४१ हर्ट्झची, ती ताणात राहायला लांबी लागते. ३० इंचांवर तीच तार सैल पडते, आवाज गुबगुबीत होतो.

आणि गेडी लीचं नाव घेतलंत म्हणून सांगते. तो बारा तारीवर जायचा तेव्हा बेस थांबत नव्हता, पायाखाली मूग कंपनीची टॉरस पेडल्स, म्हणजे पायानं वाजवायचा बेस सिंथ, होती. म्हणजे डबलनेकनं त्याचं भागत नव्हतं, खालचा सूर पायानं धरावा लागत होता. तुमच्या अंतऱ्याला बेस आला की गिटार बंद, गिटार आली की बेस बंद. पोकळी आहे तिथंच आहे, नुसती जागा बदलते.

यामागचं दुखणंही सांगते. गेल्या वर्षी एका जत्रेच्या कार्यक्रमाचं माझं बुकिंग ठरलेलं. आदल्या रात्री संयोजकांचा फोन, “ताई, गिटारवालाच बेस पण मारतोय, तुम्ही नका येऊ.” पैसे वाचले त्यांचे. गिटारवाल्याला दुप्पट दिले असतील असं वाटतं का कुणाला?

लेथ_आणि_लय

उद्यमनगरात वर्कशॉप हाय माझं, म्हणून मशीनवाल्याच्या बाजूनं बोलतो. भावा, वजनाचं काय? साधी गिटार साडेतीन-चार किलोची, डबलनेक सहाच्या आसपास जातीय. त्यात बेसचं डोकं लांब, त्यावर चार जड खुंट्या. हात सोडला की मान जमिनीकडं. पट्ट्याचं बटण वरच्या शिंगात पार बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) पुढं आणलंयस का? नसेल तर आत्ताच थांबव काम.

दुसरं, दोन्ही नेकच्या मधल्या रेषा बॉडीवर आधी खिळ्यानं कोरून घे. पेन्सिलची रेघ पुसली जातीय, मग ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो तुकडा, एका मिलिमीटरनं सरकला तरी कडेची तार फ्रेटच्या बाहेर घसरतीय. मी एकाच्या बेसचा ब्रिज पितळेत करून दिलेला. त्यानं माप दिलं ते मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेलं. सगळा तुकडा भंगारात घातला.

बाकी ताई म्हणतात ते स्केलचं खरं हाय, पण बीटल्सच्या मॅकार्टनीचा हॉफनर बेस ३० इंचीच होता आणि त्याचा आवाज गुबगुबीत आहे म्हणून कुणी परत पाठवला नाही.

मिरजेचा_तुंबा

तुनाचं लाकूड म्हणालात म्हणून आलो. आमच्याकडं सतारीला तून पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. सागापेक्षा हलकं, कापायला सरळ. निवड चांगली आहे, फक्त किती मुरलेलं आहे ते बघा. तुमच्याकडचा जुलै-ऑगस्टचा पाऊस माहीत आहे. ओलं तून घेतलंत तर गणपतीपर्यंत दोन्ही माना वेगवेगळ्या दिशेला वाकतील आणि माना सरळ करायच्या दोन ट्रस रॉडशी (आतल्या लोखंडी सळ्यांशी) खेळत बसाल.

पण खरा मुद्दा कुणीच काढला नाही. एका लाकडावर दोन संच तारा म्हणजे न वाजणारा संच तरफेसारखा, म्हणजे सतारीतल्या आपोआप घुमणाऱ्या तारांसारखा, बोलणार. गिटारवर ११० हर्ट्झचा ए वाजला की शेजारची ५५ ची बेसची तार आपोआप थरथरणार. सतारीत आम्ही तरफा रागाप्रमाणे मिळवतो, म्हणून ती आस (मागे राहणारा घुमारा) गोड लागते. तुमची बेसची तार कुठल्या रागाला मिळवलेली आहे? स्विच मध्ये ठेवून दोन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) चालू ठेवलेत तर नुसता गोंगाट. न वाजणाऱ्या नेकच्या तारांखाली स्पंजची पट्टी सरकवायची सोय आत्ताच करून घ्या.

एकाच अंगात दोन वाद्यं करायला माझा विरोध नाही. एल. शंकर यांचा दहा तारांचा दुहेरी व्हायोलिन बघा, डबल बेसच्या खालच्या सुरांपासून व्हायोलिनच्या वरच्या सुरांपर्यंत सगळं त्यात येतं. पण तो वाजवणारा तेवढा तयार होता.

जाता जाता, २०२४ मध्ये आमच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. नवीन पोरगं रंधा धरायला येत नाही त्यावर कुणी लिहीत नाही.

जुना_ऑर्केस्ट्रा

ताईंचा राग चुकीच्या माणसावर निघतोय. बेसवाल्याचं पोट डबलनेकनं मारलेलं नाही, ट्रॅकनं मारलंय. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रा म्हणजे स्टेजवर बारा-पंधरा माणसं. बेस, दोन गिटार, ट्रम्पेट, ऑक्टोपॅड, ढोलक, काँगो. गणेशोत्सवात एक रात्र मोकळी नसायची. आता गायक पेन ड्राइव्ह घेऊन येतो. आणि मंडळं ऑर्केस्ट्रा तरी कुठं ठेवतात? सगळा पैसा डॉल्बीत. मिरवणुकीत महाद्वार रोडला उभं राहून बघा, ४०-५० हर्ट्झचा एकच धक्का छातीत, सूर म्हणून शोधायला गेलात तर सापडत नाही. या गावाच्या कानाला बेस म्हणजे धक्का एवढंच ठाऊक राहिलंय.

मंडळाचा_माणूस

काका, दरवर्षी तेच. डॉल्बीला शिव्या दिल्या की आपण सुसंस्कृत. आमच्या मंडळानं एक वर्ष ऑर्केस्ट्रा ठेवला होता. समोर किती माणूस होतं ते विचारा. पोरं येतात ती नाचायला. वर्गणी त्यांच्याच घरातनं येते.

जुना_ऑर्केस्ट्रा

वर्गणी माझ्याही घरातनं जाते. माझ्या आईला हृदयाचा त्रास, मिरवणुकीच्या रात्री तिला बहिणीकडं नेऊन ठेवावं लागतं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर स्पीकर बंद. २००० सालचा नियम आहे, मी केलेला नाही.

मंडळाचा_माणूस

त्याच नियमात सणाला वर्षातनं १५ दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सवलत द्यायचा सरकारला अधिकार आहे, ते पण वाचा.

जुना_ऑर्केस्ट्रा

सवलत वेळेची आहे, स्पीकरच्या भिंती उभ्या करायची नाही. खिडकीच्या काचा हलतात त्याला सवलत कोण देणार?

लेथ_आणि_लय

आईच्या तब्येतीवरनं कुणी वाद घालू नका रं. काकांचं खरं हाय. मी पण पोरगा असताना बेसच्या समोर नाचलोय, पण माझ्या घरात आता तान्हं हाय आणि त्या रात्री ते झोपत नाही. मंडळाच्या मीटिंगमध्ये हे बोलायला गेलो तर “तू वर्गणी किती दिलीस” म्हणाले. एवढंच उत्तर असतं.

मंडळाचा_माणूस

आवाज थोडा कमी ठेवावा हे मी पण मीटिंगमध्ये बोललोय. मात्र ऑर्केस्ट्रा बंद पडला तो आमच्यामुळं, हे मी ऐकून घेणार नाही. चांगला बँड आणा, स्टेज आम्ही देतो.

सहा_अधिक_चार

मूळ विषयावर येऊया का? ताई, जत्रेत तुमच्याशी झालं ते वाईटच झालं. पण ते संयोजकांचं पाप आहे, माझ्या वाद्याचं नाही. आमच्या बँडमध्ये बेसवाल्याची जागा कधी नव्हतीच. तुमच्यासारखं कुणी कायमचं यायला तयार असतं तर मी ही ऑर्डर दिली नसती. टॉरसचा मुद्दा बिनतोड आहे. पण अंतऱ्याला माझी गिटार थांबते तेव्हा कीबोर्ड वरचं सगळं धरतो. कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेस वाजवून बघितला, उजव्या हाताची सगळी नजाकत गेली.

खर्जातली_ताई

मग सूर सप्तकभर खाली नेणारा ऑक्टेव्हर लावा. गिटारची खालची तार ८२ हर्ट्झ, एक सप्तक खाली नेली की ४१. एका पेडलात काम झालं, सहा किलो गळ्यात कशाला?

सहा_अधिक_चार

लावून बघितलाय. एकेकटा सूर ठीक जातो, दोन सूर एकत्र आले की तो गोंधळतो. आणि बोटाखाली जाड तार असली की हात वेगळा विचार करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खर्जातली_ताई

हे मात्र खरं. जाड तारेवर माणूस कमी सूर वाजवतो आणि तेच बेसचं काम आहे. ३० इंचाला फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा घाला, ताण जरा वाढेल, गुबगुबीतपणा शोभून जाईल. एवढंच मान्य करते, पुढं नाही. आणि बेसचा जॅक गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये घातलात तर मी स्वतः येऊन काढीन. दोन जॅक दिलेत ते दोन अ‍ॅम्पसाठी. अजून एक. कुणा संयोजकानं तुम्हाला “दोघांचं काम एकटा करतोस ना” म्हणून बोलावलं तर दोघांचे पैसे मागा. नाही मागितलेत तर परवाच्या पोस्टखाली माझं नाव पहिलं असेल.

सहा_अधिक_चार

मागेन. इथं लिहून देतो.

मिरजेचा_तुंबा

आणि स्पंजच्या पट्टीचं?

सहा_अधिक_चार

कारागिराला आजच फोन केला. ब्रिजजवळ खाच ठेवणार आहे, पट्टी बाजूनं सरकवता येईल.

लेथ_आणि_लय

बेसच्या ब्रिजला तारांमधलं अंतर किती धरतोयस? १९ मिलिमीटर धरलंस तर ३० इंची नेक फार रुंद होईल, १८ च्या आत बघ. पितळ नको, वजन आधीच जास्त हाय, अ‍ॅल्युमिनियममध्ये करू. ड्रॉइंग कागदावर आण, मोबाइलवरचा फोटो आणलास तर परत पाठवीन.